किंमत दुकानदाराची, मोल आपले

बैल विकत घेताना शेतकरी काय करतो? आधी दात पाहतो. बैल अदत आहे, दोनदाती आहे, की जुळला आहे, हे तोंड उघडून पाहतो. मग त्याला चालवतो. पाय टाकताना लंगडतो काय, खांद्यावर जखम आहे काय, हे पाहतो. जमले तर गाडीला जुंपून पाहतो. विकणारा म्हणतो, "बाप्पा, असा बैल साऱ्या बाजारात नाही!" शेतकरी ते ऐकून घेतो. पण विश्वास ठेवतो तो दातांवर.

हाच शेतकरी नागपूरला बर्डीवर एखादे यंत्र घ्यायला जातो. दुकानात झगमगाट असतो. खोके रंगीत असते. खोक्यावर इंग्रजी अक्षरे असतात. दुकानदार भराभर बोलतो. आणि आपला हुशार शेतकरी दात पाहायचे विसरतो. काहून बरे? यंत्राला दात नसतात असे त्याला वाटते.

वाचकहो, यंत्रालाही दात असतात. ते कुठे पाहायचे एवढेच शिकायचे आहे. उदाहरणासाठी आम्ही एक लहान यंत्र घेतले आहे. ते म्हणजे हातात धरून नेता येणारा, कमी किमतीचा डीव्हीडी प्लेअर. हा पाठ नीट वाचला तर मोबाइल, पंखा, मिक्सर, काहीही घेताना तो उपयोगी पडेल.

हे यंत्र म्हणजे काय?

डीव्हीडी म्हणजे चित्र आणि आवाज साठवलेली तबकडी. ती १२ सेंटिमीटर रुंद असते. जाडी फक्त १.२ मिलिमीटर. गावात हिलाही लोक सीडीच म्हणतात. सीडी ही तिची थोरली बहीण. सीडी १९८२ साली बाजारात आली. डीव्हीडीचे यंत्र १९९६ साली प्रथम जपानात विकायला आले. मधल्या काळात व्हीसीडी निघाली. तिच्यावर सव्वा तासाचे चित्र मावे. म्हणून एका सिनेमाच्या दोन-तीन तबकड्या असत. डीव्हीडीच्या एकाच तबकडीवर दोन तासांहून जास्त चित्र मावते.

तबकडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खुणा असतात. त्या रांगेने असतात. या रांगा इतक्या जवळ असतात, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत सुमारे नव्वद रांगा बसतील. यंत्रात लाल प्रकाशाचा एक बारीक किरण असतो. तबकडी गरगर फिरते. किरण खुणांवर पडून परत येतो. त्यावरून यंत्र चित्र आणि आवाज तयार करते. किरण जिथून निघतो त्या काचेच्या थेंबाला 'लेन्स' म्हणतात. लेन्स म्हणजे यंत्राचा डोळा समजा.

साधा डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडावा लागतो. हातातल्या यंत्रात पडदा, स्पीकर आणि बॅटरी एकाच डब्यात असतात. ते पुस्तकासारखे उघडते. त्याला 'पोर्टेबल' म्हणतात. वीज गेली तरी ते काही वेळ चालते.

आज ते कोणाला हवे?

तुम्ही म्हणाल, आता मोबाइल आहे. मग तबकडीचे यंत्र कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण जरा घरातली ट्रंक उघडून पाहा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लागलेल्या किती तरी लग्नांचे चित्रण तबकडीवरच आहे. तेव्हाच्या पाहुण्यांपैकी काही आज हयात नाहीत. एखाद्या घरचे आजोबा आता फक्त त्या तबकडीतच चालतात आणि बोलतात. भिंतीवरच्या फोटोत त्यांचा चेहरा आहे, पण आवाज नाही. तो आवाज तबकडीत आहे.

दुसरे उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या दीक्षाभूमीवर दर दसऱ्याला दूरदूरची माणसे येतात. तिथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या तबकड्याही विकल्या जात. लोकांनी त्या जपून ठेवल्या आहेत. कुणाच्या घरी तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या तबकड्या आहेत. कुणाकडे कीर्तनाच्या आहेत. त्या सगळ्या मोबाइलमध्ये घालता येत नाहीत.

तेव्हा यंत्राची गरज खरी असू शकते. पण प्रत्येकाची गरज सारखी नसते. म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : घरात तबकड्या किती आहेत? त्या मोजा.

दुसरा प्रश्न : त्या आपण महिन्यातून किती वेळा पाहणार? उत्साहाच्या भरात सांगू नका. मागच्या वर्षी किती वेळा पाहाव्याशा वाटल्या, त्यावरून सांगा.

तिसरा प्रश्न : घरात टीव्ही आहे काय? टीव्ही असेल आणि वीज बरी असेल, तर बिनपडद्याचा साधा प्लेअर पुरतो. तो स्वस्त पडतो आणि चित्र मोठे दिसते. टीव्ही नसेल, वीज वारंवार जात असेल, किंवा यंत्र या घरून त्या घरी न्यायचे असेल, तरच पोर्टेबल यंत्राचा विचार करा.

पहिला दात : पडदा

आता दुकानात जाऊ. जाताना खिशात तीन वस्तू घ्या. शिंप्याची टेप, लग्नाची तबकडी आणि मुलाकडचा पेन ड्राइव्ह.

पडदा इंचात मोजतात. तो आडवा मोजत नाहीत. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. फक्त उजेड पडतो तेवढाच भाग मोजायचा. भोवतीची काळी चौकट धरायची नाही. काही खोक्यांवर फुगवलेला आकडा छापलेला असतो. म्हणून टेप लावा. लाजू नका. कापड घेताना आपण मीटर मोजून घेतोच ना?

७ इंची रुंद पडदा आडवा सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर आणि उभा पावणेनऊ सेंटिमीटर भरतो. म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. असा पडदा दोन-तीन माणसांनी जवळ बसून पाहण्याजोगा आहे. पूर्ण भजनी मंडळाला तो पुरणार नाही. ९ इंची पडदा ऐकायला फक्त दोन इंचांनी मोठा वाटतो. पण त्याचे क्षेत्रफळ ७ इंचीच्या दीडपटीहून जास्त असते.

मापाबरोबर चित्राचा स्पष्टपणाही पाहा. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनते. आपल्याकडच्या डीव्हीडीच्या चित्रात एका ओळीत ७२० ठिपके आणि अशा ५७६ ओळी असतात. गुणाकार केला तर ४,१४,७२० ठिपके होतात. स्वस्त यंत्राच्या पडद्यावर कित्येकदा एका ओळीत ४८० ठिपके आणि अशा २३४ ओळीच असतात. तो गुणाकार येतो १,१२,३२०. म्हणजे तबकडीत चार वाट्या दूध आहे आणि पडद्याचे भांडे एकाच वाटीचे आहे. बाकीचे तीन वाट्या सांडते. अशा यंत्राच्या खोक्यावर '१०८०' असा मोठा आकडा छापला, तरी भांडे मोठे होत नाही.

एक सोपी परीक्षा आहे. सिनेमा सुरू झाला की सुरुवातीला नावांची पाटी येते. बारीक अक्षरातली नावे वाचता येतात काय ते पाहा. आता तुम्हाला वाचता येते. त्याचा उपयोग इथे करा.

दुसरा दात : यंत्राचा डोळा

दुकानदार स्वतःची तबकडी लावून दाखवतो. ती कोरी करकरीत असते. चित्र छान दिसते. तेवढ्यावर भुलू नका. "आता आमची तबकडी लावा जी," असे म्हणा आणि लग्नाची तबकडी पुढे करा.

यामागे कारण आहे. सिनेमाची तबकडी कारखान्यात छापलेली असते. लग्नाची तबकडी तशी नसते. शूटिंगवाला कोरी तबकडी घेतो. तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो. त्या थरावर किरणाच्या उष्णतेने खुणा उमटवतात. अशा तबकडीवरून प्रकाश कमी परत येतो. डोळा कमजोर असलेले यंत्र कारखान्याची तबकडी वाचते, पण घरची तबकडी वाचत नाही. तुम्हाला तर घरचीच पाहायची आहे.

तबकडी सुरू झाली की लगेच समाधान मानू नका. सुरुवात पाहा, मधला भाग पाहा आणि शेवटही पाहा. डीव्हीडीचे वाचन मधल्या भोकाकडून सुरू होते आणि कडेकडे जाते. कित्येकदा सुरुवात ठीक चालते आणि कडेला चित्र अडकते. म्हणजे हळद लागलेली दिसते आणि वरात दिसतच नाही!

पेन ड्राइव्हही लावून पाहा. कित्येक जुन्या यंत्रांना मोबाइलवर घेतलेले चित्रण कळत नाही. गाणी वाजतात, पण चित्र उमटत नाही. दुकानदार म्हणेल, "सगळे चालते." तुम्ही म्हणा, "मग चालवून दाखवा."

तिसरा दात : बॅटरी

चांगली नवी बॅटरी साधारण दोन-तीन तास चालते. हिंदी सिनेमा अडीच तासांचा असतो. तेव्हा दीड तासात दम तोडणारी बॅटरी नवरदेवाला मांडवापर्यंत आणते आणि तिथे सोडून देते.

या यंत्रांत बहुधा लिथियमची बॅटरी असते. तशीच बॅटरी मोबाइलमध्येही असते. तीन-चारशे वेळा चार्ज झाली की तिची ताकद कमी होऊ लागते. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ही बॅटरी न वापरताही म्हातारी होते. खोक्यात पडून राहिली तरी तिचे वय वाढते. आता ही यंत्रे पूर्वीइतकी खपत नाहीत. एखादे खोके गोदामात पाच-सात वर्षे पडलेले असू शकते. वरून ते नवे दिसते. म्हणून खोक्यावरचा महिना आणि साल वाचा. कायद्याप्रमाणे बंद खोक्यावर ते लिहावे लागते. हा यंत्राचा खरा दात. यावरून त्याचे वय कळते.

बॅटरी फुगलेली आहे काय, हे हात फिरवून पाहा. फुगलेली बॅटरी घेऊ नका. ती पेट घेऊ शकते. दुकानदाराने फुकट दिली तरी ती घरात आणू नका.

चौथा दात : चार्जर

चार्जर लहान असतो म्हणून लोक त्याच्याकडे पाहत नाहीत. पण घरातली वीज त्याच्यातूनच यंत्रात जाते. हलका चार्जर तापतो, वितळतो, कधी झटकाही देतो. लेकराबाळांचे घर आहे. इथे कंजुषी नको.

अशा चार्जरची नोंद भारतीय मानक ब्युरोकडे करणे सरकारने सक्तीचे केले आहे. चार्जरवर ब्युरोची खूण असते. तिच्याजवळ इंग्रजी 'आर' अक्षर आणि आठ आकडे असतात. हे आकडे खरे आहेत की खोटे, ते मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकून पाहता येते. मुलीला किंवा नातवाला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.

खोक्यावरचे शब्द

खोक्यावर पुष्कळ शब्द छापलेले असतात. त्यातले दोन नीट समजून घेऊ.

पहिला शब्द 'टीव्ही'. दुकानदार म्हणतो, "काका, ह्याच्यात टीव्ही बी लागते. ही तार वर करा, झाले!" पूर्वी हे खरे होते. दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून लहरी येत. तारेने त्या पकडता येत. पण २०२२ सालापर्यंत दूरदर्शनने असे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बहुतेक सर्व ठिकाणी बंद केले. आता दूरदर्शन फुकट पाहायचे तर छतावर छत्री आणि तिचा डबा लागतो. तेव्हा जुन्या पद्धतीच्या 'टीव्ही'साठी जास्त पैसे मोजणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट बांधणे होय.

दुसरा शब्द 'कमाल किरकोळ किंमत'. यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. पण हा शब्द उलट बाजूनेही वापरतात. समजा, खोक्यावर ७,९९९ रुपये छापले आहेत. दुकानदार म्हणतो, "तुमच्यासाठी ४,२०० रुपये." गिऱ्हाइकाला वाटते, ३,७९९ रुपये वाचले. खरे पाहता काहीच वाचले नाही. उलट ४,२०० रुपये गेले. छापील किंमत किती फुगवली आहे ते आपल्याला दिसत नाही. म्हणून छापील किमतीशी तुलना करू नका. दुसऱ्या दोन दुकानांतल्या किमतींशी करा. बर्डीवर पाहा, इतवारीत पाहा, आणि मगच बोला.

आता हिशेब करू

आम्ही जन्मभर शाळेत हिशेब शिकवला. मुलांना आम्ही सांगत असू, की पाटीवरचा हिशेब बाजारात उतरला नाही तर तो शिकून काय कामाचा? चला, तीन घरांचे हिशेब करू. आकडे आपण मानलेले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला.

पहिले घर. समजा, या घरी लग्नाच्या ३ तबकड्या आहेत. वर्षातून दोनदा त्या पाहिल्या जातात. यंत्र ४,२०० रुपयांचे आहे आणि ३ वर्षे टिकते. ३ तबकड्या, वर्षातून २ वेळा, ३ वर्षे, म्हणजे १८ वेळा. ४,२०० भागिले १८. एका वेळचा खर्च २३३ रुपये झाला! त्याऐवजी तबकड्या फोटो स्टुडिओत नेऊन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या तर? एका तबकडीचे १०० धरा. तीनचे ३०० झाले. पेन ड्राइव्हचे ४०० धरा. एकूण ७०० रुपयांत काम झाले. पुढे ते मोबाइलवरही पाहता येते. या घराने यंत्र घेऊ नये.

दुसरे घर. हे भजनी मंडळ आहे. त्यांच्याकडे ६० तबकड्या आहेत. दोघे-तिघे शिकाऊ गायक आठवड्यातून दोनदा बसतात आणि ऐकून चाली बसवतात. एक वर्षात १०४ वेळा. ३ वर्षांत ३१२ वेळा. यंत्राचे ४,२०० आणि मध्ये नव्या बॅटरीचे ८००, मिळून ५,००० रुपये. ५,००० भागिले ३१२. एका वेळचा खर्च १६ रुपये. सगळ्या तबकड्या उतरवून घ्यायला तर ६,००० रुपये लागतील. या मंडळाने यंत्र घ्यावे. ते त्यांना मोलाचे आहे.

तिसरे घर. या घरच्या माणसाला जुने यंत्र १,५०० रुपयांना मिळते आहे. तो खूश आहे. पण बॅटरी मेलेली आहे. नवी ८०० रुपयांची. चार्जर हरवला आहे. नवा ३५० चा. लेन्सची दुरुस्ती ६०० ची. बेरीज करा. ३,२५० रुपये झाले. आणि असे यंत्र एक वर्ष चालले तरी पुष्कळ. मंडळाच्या यंत्राला वर्षाला १,६६७ रुपये पडले. याच्या स्वस्त यंत्राला वर्षाला ३,२५० पडले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा.

विजेचा खर्च मात्र किरकोळ आहे. १८ वॅटचा चार्जर रोज दोन तास लावला तर महिन्याला जेमतेम एक युनिट वीज लागते. विजेची भीती नको. भीती बॅटरीची आणि लेन्सची धरा.

तीनही घरांत यंत्राची जात एकच होती. पण एकाला ते महाग पडले, एकाला परवडले आणि एकाला त्याने खड्ड्यात घातले. किंमत दुकानात ठरते. मोल आपल्या घरात ठरते.

बिल म्हणजे सातबारा

जमिनीला सातबारा तसे वस्तूला बिल. दुकानदार म्हणतो, "बिल कशाला? बिलावर कर लागेल. मी आहे ना." तो आज आहे. उद्या दुकान बदलले तर? पक्के बिल मागा. बिलावर दुकानाचे नाव, तारीख, यंत्राचे नाव व क्रमांक आणि किंमत असली पाहिजे. हमीपत्र असेल तर त्यावर शिक्का आणि तारीख घाला.

आपल्या देशात ग्राहकासाठी पहिला वेगळा कायदा १९८६ साली झाला. त्यासाठी लोकांनी मेहनत घेतली होती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली होती. पुढे २०१९ साली नवा ग्राहक संरक्षण कायदा झाला. तो जुलै २०२० पासून लागू आहे. या कायद्यातल्या चार गोष्टी पाठ करून ठेवा.

एक : बिल न देणे ही अनुचित प्रथा आहे.

दोन : सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत पैसे परत द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावली, म्हणून दुकानदार सुटत नाही. मात्र वस्तू सदोष असली पाहिजे. रंग आवडला नाही म्हणून हा हक्क मिळत नाही.

तीन : तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. नागपुरातही हा आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी.

चार : १९१५ या क्रमांकावर फोन केला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडून सल्ला मिळतो. हा क्रमांक घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा.

आधी मात्र दुकानदाराशी गोडीने बोला. पुष्कळदा काम तिथेच होते. सगळे दुकानदार लबाड नसतात. जो स्वतःहून बिल देतो आणि तुमची तबकडी लावून दाखवतो, तो दोन पैसे जास्त घेईल. तरी त्याच्याकडून घेतलेले बरे.

घरी आणल्यावर

वस्तू टिकली तर मोल वाढते. म्हणून थोडी काळजी घ्या.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या खोलीत तर भट्टी होते. त्या वेळी यंत्र चार्ज करू नका. सकाळी लवकर करा. गादीवर किंवा उशीखाली ठेवून चार्ज करू नका. हवा लागली पाहिजे.

तबकडी कडेला धरा. खालच्या चकचकीत बाजूला बोट लावू नका. पुसायची झाली तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल पुसू नका. ऊन आणि उष्णता यांमुळे लग्नाच्या तबकडीतला रंग उडतो. मग खुणा पुसतात. आजोबांचा आवाज जातो, तो कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. म्हणून यंत्र घ्या किंवा न घ्या, घरातल्या एकुलत्या एक तबकडीची एक नक्कल आजच करून ठेवा. पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहू नका.

बॅटरी निकामी झाली तर ती चुलीत, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. जाळली तर ती फुटते. शहरात जाल तेव्हा इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या.

शब्दांचे अर्थ

तबकडी – गोल चपटी चकती, सीडी, डीव्हीडी.
लेन्स – ज्यातून प्रकाश जातो असा काचेचा किंवा प्लास्टिकचा गोल तुकडा.
क्षेत्रफळ – लांबी आणि रुंदीचा गुणाकार.
सदोष – ज्यात खोट आहे असे.
अनुचित – योग्य नाही असे.
नक्कल – तशीच दुसरी प्रत.

स्वाध्याय

१. पडदा कुठून कुठपर्यंत मोजावा? घरातल्या मोबाइलचा पडदा टेपने मोजून वहीत लिहा.

२. दुकानात आपलीच तबकडी का लावून पाहावी? कारण सांगा.

३. एका बचत गटाने ३,६०० रुपयांचे यंत्र घेतले. ते २ वर्षे टिकले. गटाने ते आठवड्यातून एकदा वापरले. वर्षाचे ५२ आठवडे धरा. एका वेळचा खर्च किती आला? पुढच्या वर्षी गटाने ते शेजारच्या वस्तीलाही वापरायला दिले असते तर खर्च कमी झाला असता की जास्त?

४. मागच्या वर्षी घरात घेतलेल्या एका वस्तूचे बिल शोधा. त्यावरची तारीख आणि क्रमांक मोठ्याने वाचा. बिल सापडले नाही तर घरातल्या सर्वांना विचारा. आणि पुढच्या वस्तूचे बिल ठेवायला एक पिशवी आजच खुंटीला लावा.